ए-टूला लाल वायर

सही कसली मागतेस? आधी हे बघ — नाकाशी धर हा डबा. जळलेल्या सर्किट कार्डाचा वास आहे. शी! उधव्याच्या पाड्यावरच्या सोलर पंपाचा डबा, ओळखलास ना? तूच वायरिंग केलंस याचं. आयटीआयवाल्या वायरमनबाई! दोन दिवस पाड्याची टाकी कोरडी, बायका खाली ओहोळावर जातायत, आणि पाड्यातला तो काकड्या चारचौघांत मला बोलतो — शांतारामभाऊ, तुमच्या शिकाऊ पोरीने वाट लावली. वर्षभर शिकवलं ते यासाठी? आणि आता मी सही करायची, की हिने शिकाऊ म्हणून वर्ष पुरं केलं, काम चोख आहे? तोंड कडू झालंय माझं.

हा पंप चालू-बंद करणारा रिले बघ. बारीक अक्षरात छापलंय — ए-वन प्लस, ए-टू मायनस. का? तर आत कॉइलला डायोड जोडलेला असतो — कालच वापीचा दुकानदार सांगत होता. उलटं जोडलं की करंट कॉइल सोडून डायोडमधून पळतो, सरळ शॉर्ट. आणि इथे लाल, म्हणजे प्लसची वायर कुठे आहे? ए-टूला! आंधळ्यालाही — काय? झाकणाच्या आत? काय चिकटवलंयस हे... तुझी चिठ्ठी. लाल ए-वनला. हं. लिहायला काय जातं!

जोडलंही असशील तसं, नाही कोण म्हणतो? सोमवारी मी गेलो तेव्हा पंप चालूच होता. पण वायरींचा नुसता गुंता — किळस आली मला. कापून सरळ बसवल्या. लाल आखूड पडली, ए-वनपर्यंत पोचेना, म्हणून मग — अगं, कॉइलला कसलं उलटं-सुलटं? तीस वर्षं जोडतोय मी, कधी बघितलं नाही! फ्यूज उडाला, दुसरा टाकला, तोही उडाला. मग फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली, तर कार्डच जळालं... तार सगळेच बसवतात.

अशी बघू नको माझ्याकडे. दे तो कागद, करतो सही. फक्त उधव्यात एवढंच सांगायचं, शिकाऊ पोरीच्या हातून झालं. तुला काय, नवी आहे म्हणून सोडून देतील. मला त्या पाड्यात पुन्हा कोण बोलावणार — अगं, कागदाची घडी काय करतेस? सही राहिलीय! डबा कशाला उचलतेस? कुठे, उधव्याला? त्यांच्यासमोर उघडणार? संगिता, ऐक, रिक्षा थांबवू नको —

जा मग. चालती हो.