नईमचं मशीन अजून चालू आहे

मंडळी, नईमच्या अंगणात तुमी सगळे आले. भाभी, तुमच्यासमोर उभं राहून बोलणं मले लय जड जाऊन राहिलं. मी अमरावतीचा संजय. नईम अन् मी एकाच कंपायलरवर काम करत होतो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. जितक्या जातीची यंत्रं, तितके त्यात वेगळे भाग; त्याले आमी मांडणी म्हणतो. यंत्र भंगारात गेलं, की त्याची मांडणी काढून टाकायची. ते काम नईमचं.

आमचा नियम साधा. जिच्यासाठी जबाबदार माणूस उरला नाई, ती मांडणी काढायची. पण नईम पहिले ती शेवटची चालवून पाहे, मंगच पुसे. मी चिडायचो. अबे, फेकायचीच आहे तं चालवतो कावून? तो म्हने, "मय्यतीले गुसल देतो ना आमी? बिना आंघोळीचं कोणाले पाठवत नाई." तवा मी हसलो होतो.

एक मांडणी मात्र त्यानं कधी काढली नाई. पहिल्या नोकरीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, ज्या यंत्रावर तो शिकला त्याची. म्हने, "मी हाओ ना तिच्यासाठी."

तो गेला. त्याच्या खोलीतलं मशीन, त्याचा कंप्युटर, चालूच आहे. रोज सकाळी ते ती मांडणी तपासते, अन् आमाले मेल येते, नईमच्या नावानं. सगळं ठीक. मंडळी, खरं सांगतो, मले भेव वाटते. चहा हातात असते अन् त्याचं नाव समोर येते. सगळं ठीक. काय ठीक आहे? सांगा ना, काय ठीक आहे?

भाभीले म्हटलं, बंद करू? त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. मशीनचा पंखा घरघरते तं वाटते, हे आत काम करून राहिले."

जबाबदार म्हणून माझं नाव लावलं असतं तं मांडणी वाचली असती. पण ते यंत्र मी डोळ्यानं पाहिलं नाई. असं खोटं नाव लावलेलं नईमले चाललं नसतं. मोडलेली असती तं काढाले इतकं जड तरी गेलं नसतं. ती चांगली आहे, मंडळी. तिच्यासाठी माणूसच नाई.

आज सभेच्या आधी भाभी म्हणाल्या, "काढा. पण लोकं असताना काढा. मंग मी एकटी नसन."

आता सगळे उभे राहा. दुआ असन, प्रार्थना असन, मनात म्हणा. खोलीचं दार उघडं ठेवलं आहे. आपण गप्प झालो, की पंखा ऐकू येईन. मी आत जातो, ती शेवटची चालवतो, मंग पुसतो अन् मशीन बंद करतो. पंखा थांबेपर्यंत कोणी बसू नका.