कुत्र्याची खांदशेकणी

—नाही भाऊ, पडलं-बिडलं नाही, पाण्यात गेलं. म्हणजे आंघोळ घातली त्याले. तुम्ही आधी उघडून पाहा, मंग हसा. नाव लिहा कौसल्या. मनीषनगरवरून आली मेट्रोनं, इथं सीताबर्डीत तीन दुकानं फिरली, तिघांनीही हात लावला नाही—म्हणे आजी, हे बाहेरदेशाचं हाये, कंपनीले पाठवा. कंपनी काय इतवारीत हाये का पाठवायले? शेवटच्यानं तुमचं नाव सांगितलं, म्हणे प्रीतमभाऊ काहीही उघडते. म्हणून आली. अन् कुत्रंच हाये ते, मशीनचं, बैल नाही—शिंगं वरून लावली, वशिंड चिकटवलं. सांगतो ना, तेच सांगून राहिली.

माझ्या लेकानं आणलं, दुर्गेशनं. मिहानातल्या कंपनीत हाये तो, सूनही तिथंच. नातू दोन वर्षांचा, कुशल. दोन वर्षांच्या पोट्ट्याले चौतीस हजाराचं कुत्रं—चालते, बोलते, गाणं म्हणते, डोळे मिचकावते. बरं, आणलं तं आणलं, तिथं थांबलं का? कायचं थांबते. फरशीवर त्याचे पाय घसरते म्हणून गालिचा आणला. चार्ज व्हायले बसायचं त्याचं घर वेगळं भेटते, ते आणलं. नेट हळू होतं, आपलं बोलणं त्याले समजत नव्हतं म्हणे, तं नेट वाढवलं. लाइट गेली की ते झोपते अन् पोट्टं रडते, म्हणून इन्व्हर्टर. अन् सगळ्यात किळस मले कायची आली सांगू—महिना भरा लागते त्याचा. नाही भरला तं मुकं होते, नुसतं भुंकते. आमच्या नरखेडच्या घरी बैल होते भाऊ, कडबा खाल्ला, पाणी पेलं, पण एकाही बैलानं असं नाही म्हटलं का पुढचा हप्ता टाका, नाहीतं मी वखर ओढत नाही. थू असल्या खेळण्यावर. लेकराले खेळवते म्हणे. ते बापाचा खिसा खेळवते.

मंग तान्हा पोळा आला, लेकरायचा पोळा. मी म्हटलं, महालातल्या बाजारातून लाकडाचा नंदी आणतो, चाकं लागलेला, दोरी बांधू, पोट्टं ओढत नेईन चार घरी, लोकं बोजारा देतील हातावर दहा-वीस रुपये, सगळ्याच लेकरायले भेटते. तं सून म्हणे, आई, लाकडाचा कोपरा लागते, रंग तोंडात जाते, अन् आपल्याकडे हाये ना एवढं चांगलं. अन् ऑनलाइन शिंगं मागवली, वशिंड मागवलं, झूल मागवली—अठराशे रुपये. कुत्र्याले. सोसायटीत सजावटीची स्पर्धा होती ना.

म्हटलं, ठीक हाये. बैल म्हणता ना तुम्ही याले, तं बैलाचं जे करा लागते ते मी करतो. तुमच्या घरी बैल होते का भाऊ? नाही? पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाले धुतो, खांद्याले हळद-तूप चोळून शेकतो, वर्षभर जू ओढून दुखते ना खांदा त्याचा—खांदशेकणी म्हणते तिले. दोघं ड्युटीवर होते, पोट्टं झोपलं होतं. नेलं मी बाथरूममध्ये, दोन बादल्या पाणी टाकलं, काथ्यानं घासलं, मंग कोमट तुपात हळद कालवून मानेवर चोळली, अन् कानात सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. कान कायचे, बारीक भोकं हाये, तूप तिथंच गेलं असन. संध्याकाळी दुर्गेश पाहते तं कुत्रं पिवळं अन् आडवं. मी म्हटलं, मी खेड्याची बाई बाप्पा, मले काय समजते. तो चिडला नाही. उलट म्हणे, जाऊ दे आई, चूक झाली तुझ्याकून. सोसायटीत सांगितलं त्यानं, लोकं पोट धरून हसले.

—असे काहून पाहून राहिले? ते पोटाखालचं स्टिकर? थेंबावर काट मारलेलं? हो, दिसलं होतं मले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं माझं, सगळं साफ दिसते. मी ते पाहिलं अन् मंग दुसरी बादली टाकली. आता तुम्ही काय माझ्या घरचे नाही, म्हणून सांगितलं.

काहून म्हणजे काय. मी नरखेड सोडून इथं आली ते या पोट्ट्यासाठी. सून कामावर जायले लागली तेव्हापासून माझ्या हातानं जेवला तो. खिडकीत बसवायची, पारवे दाखवायची, एक घास पारव्याचा, एक कुशलचा—एका वाटी वरणभाताले तास लागे. मले कायची घाई होती? मंग हे आलं. सुनेनं त्याच्यात भरून ठेवलं, जेवायच्या वेळी हे म्हणते, कुशल, मुँह खोलो, अन् पोट्टं आऽ करते. दहा मिनिटांत वाटी साफ. चमचा माझ्याच हातात, पण पाहते तिकडं. माझं काम फक्त चमचा धरायचं राहिलं. जळली मी, हो. साठ वर्षांची बाई कुत्र्यावर जळली, तेही प्लास्टिकच्या. वाटलं, हे गेलं का पोट्टं माझ्याकडे पाहीन.

नाही पाहत. आज सहावा दिवस. तोंड घट्ट बंद करते अन् गालिच्याकडे पाहत राहते. पारवे दाखवले, गाणं म्हटलं. भुंकली बी मी भाऊ, त्याच्यासमोर रांगत भुंकली, तं घाबरून आईकडे पळाला. नुसत्या दुधावर हाये लेकरू, उचललं का बरगड्या लागते हाताले. दुर्गेश म्हणे नवीन मागवतो, याच्यापेक्षा मोठं, पण यायले पंधरा दिवस. पंधरा दिवस काय खाईन ते? आज सुनेले सुट्टी, तिले सांगितलं देवळात जातो, अन् हे पिशवीत टाकून निघाली. माहीत नाही कोणाले.

—लागला का लाइट? हो, हाच. हाच आवाज. बंद करा, मले नाही ऐकायचा. नाही, थांबा. जेवायचं कसं लावतात ते दाखवा. सुनेनं मोबाइलवरून लावलेली वेळ पाण्यात गेली असन, अन् उद्या ती ड्युटीवर जाईन, मंग मलेच लावा लागन. हे कानामागचं? दोनदा? दाबू द्या मले. बोललं. बरं, जमलं. आवाज नका कमी करू भाऊ, राहू द्या तेवढाच, त्याले ऐकू आलं पाहिजे. टाका पिशवीत, वरून हा टॉवेल टाका. किती झाले? हे घ्या. अन् असे पाहू नका माझ्याकडे. सरका, साडेबाराले जेवते तो.