पलीकडच्याचा गिअर

...आणि आधी ते दार ओढून घ्या, मग काय ते बोला. सकाळपासून नुसता वारा सुटलाय बघा. ऊन आहे म्हणावं तर आहे, पण धग लागत नाही, आणि धूळ अशी की तोंड उघडलं की दातांत करकरते. वर पत्रा थाडथाड वाजतोय, दगड ठेवलेत म्हणून जागेवर आहे. अशा दिवशी मी गिअरबॉक्सवरची चादर काढत नाही. माणसाच्या डोळ्यात कण गेला तर चोळून निघतो, बेअरिंगात गेला की तो बेअरिंग खात बसतो, आणि सावकाश खातो, कळूसुद्धा देत नाही. बसा. त्या टायरवर बसा, खुर्चीचा एक पाय गेलाय. पँटला काळं लागेल? लागू दे की. बायको ओरडेल — ओरडायला बायको आहे ना घरात, मग झालं तर.

दुसऱ्या गिअरचं चाक हवंय म्हणता. भंगारवाल्यानं धाडलं असेल. 'म्हाताऱ्याकडे मिळालं तर मिळालं, नाहीतर विसरा' — असंच म्हणाला ना? खरं बोलला, एरवी बोलत नाही. तो फळीवरचा ढीग बघा, तेलकट कागदात गुंडाळलेला — ती सगळी दुसऱ्या गिअरचीच चाकं. खाली पेटीत शाफ्ट, डब्यात बेअरिंगं, त्या बरणीत गिअरच्या लॉकच्या पोलादी गोळ्या. सगळं एकाच मॉडेलच्या ट्रॅक्टरचं. कंपनीनं कधीच बंद केला तो. आणि कुणासाठी हवंय हे? ओळखीच्यासाठी? बरं बरं. नाव नका सांगू, तोंड का वाळवताय. या बाजूला आता हे ट्रॅक्टर उरलेत दोन. एक इथं चादरीखाली झोपलाय, दुसरा त्या भिंतीच्या पलीकडं उभा आहे. आणि तुम्ही त्या पलीकडच्याचे जावई. काय जावईबापू, बरोबर ना? अहो, लाजता काय, तुमच्या लग्नाचा बाजा मी या भिंतीच्या अलीकडं बसून ऐकलाय. बोलावणं नव्हतं — होतं म्हणा, पोरगी स्वतः आली होती दारात, 'काका, काका' करत बराच वेळ उभी होती. मी कडी काढली नाही.

उठू नका, उठू नका. मी रागावलेला दिसतोय का? मला राग येत नाही, आमची ही म्हणायची, तुम्हाला राग यायला आठवडा लागतो आणि जायला जन्म. बसा. चाक मिळणार नाही, पण बसायला काय हरकत आहे, वाऱ्यात कुठं जाल? तर हे सगळं कशासाठी जमवलं, तेच विचारा ना. विकायला नाही. एकेका भंगारवाल्याचं आवार मी पालथं घातलंय. बसनं जायचो, पिशवीत नमुन्याचं चाक — शेजारचा माणूस म्हणायचा, आजोबा, दगड भरलेत की काय. तिथं गेलं की ढिगाऱ्यात बसायचं, सापडलेलं चाक नमुन्याच्या शेजारी धरायचं, दातांत दात घालून बोटानं फिरवायचं, कान लावून ऐकायचं. बसलं की घ्यायचं. नीट नाही बसलं तरी घ्यायचं — उगाच त्याच्या हाती लागायला नको. भंगारवाला हसायचा, म्हातारबा, हे गिअर भाजून खाता की काय? म्हटलं, मी नाही रे खात, दुसऱ्या कुणाला तरी उपाशी ठेवतोय.

घाई नव्हती मला. लोखंड झिजतं ते कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. तो पलीकडं ट्रॅक्टर सुरू करायचा आणि मी इथं याच स्टुलावर. दुसरा गिअर टाकला की आवाज यायचा, आधी कण्हल्यासारखा, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत दात खाल्ल्यासारखा. मला बरं वाटायचं ऐकून. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. आणि परवा कडकन् वाजलं, आणि मग गप्प. मी हातातला पाना खाली ठेवला, हात धुतले, चहा टाकला. दोन कप टाकला, सवय जात नाही. तुमचे सासरे काय करतात हो आता? सीटवर बसून असतात? नुसते? इंजिनसुद्धा लावत नाहीत? बसू दे. मागच्या रानात तुमचा नवा ट्रॅक्टर जात नाही ना, बोळ अरुंद आहे, भिंत माझी आहे. आणि हा वारा असाच राहिला तर वाफसा जाईल, मग ढेकळं फोडत बसा वर्षभर. मी इथून ऐकेन.

काय केलं त्यानं? तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही? कोण सांगणार म्हणा. तर ऐका. हे दोन्ही ट्रॅक्टर आम्ही एकाच दिवशी आणले, पुढं तो, मागं मी, ही भिंत तेव्हा नव्हती. भिंत मी नंतर घातली. त्या साली पाऊस थांबायचं नाव घेईना. माझा गिअरबॉक्स उघडून ठेवलेला, एक बेअरिंग यायचं होतं, आणि इथून सडकेपर्यंतचा रस्ता म्हणजे गुडघाभर चिखल — बैल रुतत होते, मोटारीचं तर नावच नको. ट्रॅक्टरशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. आणि दुपारी हिच्या पोटात दुखायला लागलं. आधी म्हणाली, होईल बरं. दिवेलागणीला खाटेची कड घट्ट धरून बसली होती, ओठ पांढरे. मी धावत पलीकडं गेलो. तो बाहेर आला, कोपरापर्यंत हात काळे. म्हणाला, गिअर अडकलाय हो. लॉकची गोळी फुटली, दोन गिअर एकदम धरलेत, चाक हलत नाही. म्हणाला, बघतो, करतो काहीतरी. मी चौघांना हाका मारल्या, खाटेवर घालून निघालो. गल्लीतली सगळी आली. तो नाही आला. जाताना मी बघितलं ना — याच्या पडवीत दिव्याखाली सायकल उलटी टाकलेली, मागचं चाक काढलेलं, आणि हा तिच्यापाशी बसलाय. माझ्या घरची बाई खाटेवर तळमळतेय आणि हा सायकलला तेल घालतोय! ओढ्यापाशी एकाचा पाय घसरला, खाट कलंडली, तसेच माघारी आलो. पहाटे गेली ती. घरातच, माझ्या हाताला धरून.

थांबा, संपलं नाही. उजाडलं, आणि ऐकतो तर काय, फट्फट् फट्फट्, ट्रॅक्टर चालू! गिअर अडकलाय म्हणणाऱ्याचा ट्रॅक्टर, चालत आला आणि माझ्या दारात उभा राहिला. आता तुम्हीच सांगा, लॉकची गोळी काय झाडाला लागते? ती बरणीतली बघा, दुसरी कुठली चालत नाही तिथं. दुकान सडकेच्या पलीकडं, त्या चिखलात, अंधारात कुणी आणली ती? कुणीच नाही. म्हणजे फुटलीच नव्हती. ते काळे हात म्हणजे सोंग. ट्रॅक्टर चिखलात घालायचा नव्हता, नवा होता ना. वर दारात उभा राहून मला म्हणतो — नको. ते नका विचारू, जावईबापू. ही आत चादरीखाली, आणि हा माणूस दारात उभा राहून असलं बोलतो! मी ते कुणाला सांगितलं नाही आजवर, या तोंडानं ते शब्द काढायचे नाहीत मला. मी दार लावून घेतलं. तेव्हापासून लावलेलंच आहे. आणि मनाशी म्हटलं, गिअर अडकलाय म्हणतोस ना? बरं. अडकू दे मग. असा अडकू दे की जगात कुणाला सोडवता येणार नाही. माझा गिअरबॉक्स? तो मी केव्हाच पुरा केला. नवीन असल्यासारखा आहे, सकाळी हातानं फिरवतो, लोण्यासारखा फिरतो. चालवला मात्र नाही. कुठं जायचं होतं मला?

ती गोणी कसली? मिस्त्रीनं सगळंच काढून दिलं म्हणता, झाकणासकट? आणा इकडं. द्यायचं काही नाही मला, पण बघू तरी द्या, इतकी वर्षं नुसतं ऐकलंय. ...हं. हे बघा, हे चाक. दोन दात गेलेत, बाकीचे बघा, कसे चावलेत — पण अर्धेच. दाताची ही बाजू नवीकोरी, ही बाजू गोल झालीय. म्हणजे चाक कधी पुरं आत बसतच नव्हतं. अर्ध्या दातावर ओढत होतं सगळं. असा ट्रॅक्टर चालवतात होय? लिव्हर पुरता दाबायला काय हात दुखत होते तुमच्या सासऱ्यांचे? नाही, पण... एकदोनदा होईल असं. रोज कसं होईल? दांडा जागेवर थांबत नसणार. लॉकच धरत नसणार. नवा असल्यापासून? झाकण द्या ते. हे भोक बघा, यात स्प्रिंग, स्प्रिंगच्या टोकाला गोळी, ती दांड्याच्या खाचेत बसते, म्हणून गिअर एकदा पडला की पडलेला राहतो, आणि दोन एकदम पडत नाहीत. इतकंच काम तिचं. गोळी एवढी, बोराहून थोडी लहान. हलवून बघा — खुळखुळतंय ना? एक गोळी कशाला खुळखुळेल? ती चिमटी द्या. त्या डब्याशेजारची. चष्मा. ...चष्मा डोक्यावरच आहे माझ्या, देऊ नका काही.

निघाला. हा... हा काय हो? तुम्हाला दिसतंय ना नीट? मिरीएवढा आहे. आणखी एक. एकावर एक घातलेत, मध्ये पत्र्याची चकती कापून बसवलीय, हातानं, कात्रीनं कापलेली. तीन. हे छर्रे आहेत. सायकलचे. पुढच्या चाकाचे याहून बारीक असतात, हे मागच्या चाकाचे.

मागच्या चाकाचे.

वारा पडला की काय, पत्रा वाजत नाहीये. वाजतोय? मला ऐकू येईना. नाही, पाणी नको. बसा जरा. म्हणजे त्या दिव्याखाली... कोपरापर्यंत काळे हात होते, आणि मी म्हटलं सोंग. छर्रे लहान पडले म्हणून एकावर एक घातले, चकती कापली. अंधारात, एकट्यानं. सगळी गल्ली खाटेला, आणि हा इथं. मी केलं असतं का असं? मला सुचलं असतं का? माझ्या मनात आलं नाही हो. गोळी म्हटलं की मला बरणीतली गोळी. आणि नंतरही त्यानं ते काढलं नाही, खरी गोळी घातली नाही. कुठून घालेल — दुकानात आली काय, भंगारात आली काय, मीच उचलायचो. तशाच लॉकवर चालवला त्यानं इतकी वर्षं, दात चावत चावत, आणि मी इथं बसून... तुमचे सासरे बोलले कधी याबद्दल? घरात? एक शब्द नाही? भिंत घालतानासुद्धा नुसता उभा राहून बघत होता. मला वाटलं, ओशाळलाय.

त्याला सांगितलं होतं का हो कुणी, पहाटे ती गेली म्हणून? कोण सांगणार. मीच अजून कुणाला हाक मारली नव्हती.

चादर काढा. काढा, असू दे वारा. फळीवरचं नको, ते भंगारातलं आहे. माझ्या गिअरबॉक्समधलं चाक देतो, बसलेलं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. सतरा नंबरचा पाना द्या... नको, राहू दे, मी काढतो, तुमच्या हातून गडबड होईल. हे घ्या. कागदात गुंडाळा. आणि ही गोळी, बरणीतली, ही तुमच्या सासऱ्यांच्या हातात द्या, मिस्त्रीच्या नको. काही म्हणाले तर म्हणावं, म्हाताऱ्यानं दिली. छर्रे इथं राहू द्या. नाही, ते मी देणार नाही. सीटवर बसलेत म्हणता ना अजून? तुम्ही व्हा पुढं. मी येईन — येतो म्हणून नका सांगू, आज पाय धरलेत. जा आता. दार उघडंच राहू द्या.

आणि मघाशी विचारलंत ना, दारात उभा राहून काय म्हणाला ते. ऐका, आणि काही बोलू नका, ऐकलं की चालू लागा. इंजिन चालूच ठेवलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत तेल आणि चिखल, आणि हसत होता हो, लहान मुलासारखा हसत होता. म्हणाला, 'निघाला गिअर! वहिनींना बाहेर आणा, मागं गादी टाकलीय.'