हृदयाला पडलेली फट

...आणि वर मलाच विचारतात, "तू का फुगलीस?" मी? मी कशाला फुगू? मी जळत नाही हं, आधीच सांगून ठेवते! पण तीन आठवडे, अहो, तीन आठवडे झटले मी त्या हृदयाशी... शाळेतल्या मुलांना पडद्यावर फिरवून दाखवायचं हृदय, बारीक बारीक त्रिकोण जोडून केलेलं, डावा भाग, उजवा भाग, आणि शाळेच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर बरोब्बर मधोमध पांढरी फट! आमच्या ऑफिसातल्या जुनाट डबड्यावर मात्र सगळं छान. आमच्या बॉस मॅडम म्हणाल्या, "फट बुजवेल तो हृदयाचा प्रमुख." झालं! एवढ्या लांब जाऊन शिकून आले ती कशासाठी?

आता कॉम्प्युटरचा रंग भरायचा नियम किती साधा बघा. दोन त्रिकोणांची कड एकच असेल, तर त्या कडेवर पडलेला ठिपका कुणी रंगवायचा? ज्याची ती वरची नाहीतर डावी कड, त्याने. दुसऱ्याने हात लावायचा नाही! फट नाही, दोनदा रंग नाही... केवढा न्याय आहे यात! मी मॅडमना म्हटलंसुद्धा, जग असं चालायला हवं. मॅडम म्हणाल्या, "आधी हृदय चालू दे."

मग काय, अकरा कॉम्प्युटर मागून आणले, त्यांतलं चित्राचं कार्ड चालवणारे अकरा ड्रायव्हर प्रोग्रॅम तपासले, शाळेतल्या नव्या कार्डाच्या कंपनीला चार पानी पत्र धाडलं, की तुमच्या कार्डाला नियम कळत नाहीत!

तेवढ्यात आला तो 'झटपट', मीच ठेवलंय हे नाव. आमच्याच ऑफिसातला हो, संध्याकाळच्या क्लासला जाऊन शिकलेला. डोकावला आणि म्हणतो कसा, "ताई, दोन्ही भागांचे कोपरे तंतोतंत एकच आहेत ना?" काय तो साखरेत घोळलेला आवाज! म्हटलं, मग! आणि बघते तर... फाइल हलकी व्हावी म्हणून डाव्या भागातल्या कोपऱ्यांच्या मापांत दशांशापुढचे तीनच आकडे ठेवले होते. कुणी? मीच! उजवा भाग तसाच. म्हणजे कड एक नव्हतीच, दोन होत्या! जुनं कार्ड एवढासा फरक गिळून टाकत होतं, नवं बिचारं खरं तेच दाखवत होतं...

मी जळत नाही हं! पण दोन मिनिटांत? उभ्या उभ्या? घरी सांगितलं तर आई म्हणते, "किती गं गुणी मुलगा! जेवायला बोलाव ना त्याला." जळत नाही मी!

हृदय गेलं झटपटकडे. मॅडमनी मला आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. "तू मूत्रपिंडं घे," म्हणाल्या, "दोन असतात, पण एकमेकांना कुठेच चिकटत नाहीत."

...घेतली. करता काय!