दुलईखालची वाटी

आज अकरा डिसेंबर, गुरुवार, सकाळपासून बर्फाची भुरभुर, वारा समुद्राकडून — एवढं वहीत लिहून झालंय. सही करते, सिस्टर, थांबा जरा. स्मरणशक्तीच्या या उपचाराच्या पुढच्या दहा बैठकांना माझी सही लागते, ठाऊक आहे मला. पण आधी ऐका. सासूबाई आत बसल्यात, कपाळाला तुमचे ओले स्पंज बांधून — करंट मुंग्यांसारखा चावतो म्हणतात, पण सुनेपेक्षा बरा. तुम्ही पंधरा शब्द सांगता, त्या ते मनातल्या घरात ठेवतात — छत्री दारात, मुळा चुलीपाशी — आणि मग घरभर फिरून गोळा करतात. पहिल्या दिवशी चार सापडले होते. मी नावं नाही ठेवत तुमच्या कामाला.

पण माझा नवरा, ग्योंगसोक — तीन वर्षांपूर्वी गुनसानच्या बंदराबाहेर बोट उलटली त्याची. सासूबाईंना मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. चौथ्यांदा जीभ रेटली नाही — म्हटलं, कामावर गेलाय, उशिरा येईल. मग काय, रोज संध्याकाळी त्याचा भात झाकणाच्या वाटीत काढून खालून तापवलेल्या जमिनीच्या उबदार कोपऱ्यात, दुलईखाली. पहाटे मी तो खायचे, वाटी धुऊन पालथी घालायचे. "आला होता का गं?" — आला, जेवला, गेला. "लबाड कुठला, आईला हाक मारायला जीभ झिजते त्याची." रोज हेच. सुखाचं होतं — कुणाच्या म्हणता? त्यांच्याच. म्हणजे — आता लपवून काय करू — वाटी पालथी दिसली की मलाही दिवसभर वाटायचं, येऊन गेला.

सातव्या बैठकीनंतर त्या म्हणाल्या, "कालही हेच म्हणालीस." कालही. हातातली पळी तशीच राहिली माझ्या. आणि काल पहाटे दुलई उचलायला गेले तर त्या शेजारीच बसलेल्या. "गार भात खाऊन पोट दुखेल तुझं. कधी गेला तो?" सांगितलं. रडल्या. आज सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून होते — विसरल्या असतील, म्हटलं. डोळे उघडले, छताकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "पोरी, तांदूळ दोघींचेच धू."

म्हणून विचारते — हे थांबवलं तर विसरतील का हो परत? नाही सांगता येत? आणि विसरल्या तर — मग पाचव्यांदा सांगायचं, की पुन्हा मीच खायचं पहाटे?

आण तो कागद इकडे — आणा, आणा म्हणते. पेन आहे माझ्याकडे. मशीन वाजलं, जा तुम्ही, केस नीट पुसा त्यांचे, बाहेर गारठा आहे. आकडा तेवढा सांगा, वहीत लिहून घेते.

बैठक दहावी. पंधरापैकी तेरा. पुढच्या दहांवर सही केली. काल रात्री दुलईखाली वाटी नव्हती.