आधी पेढे, मग फिटनेस

...नाही, मला एक सांगा, जुनी गाडी घेताना माणूस आधी काय करतो? गाडी बघतो, कागद बघतो, मेकॅनिकला दाखवतो, चार जणांना विचारतो, मग पैसे देतो, मग नारळ फोडतो आणि सगळ्यात शेवटी पेढे. बरोबर? आमच्याकडे पेढ्यांपासून सुरुवात झाली. आणि गाडी म्हणजे काही स्कूटर नाही हो, कॅम्परव्हॅन. म्हणजे आत पलंग, आत शेगडी, आत बेसिन, आत... जाऊ दे, तेसुद्धा आतच. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधलं बेसिन नुसतं तुंबलं तरी मला जेवण जात नाही, आणि इथे बेसिनला चाकं लावून घाट उतरायचा म्हणे.

तुम्हाला सांगतो, ही कल्पना माझ्या बायकोची, शेफालीची. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि म्हणाली, आईला घेऊन कोकण बघायचं, सावकाश, गाडीतच मुक्काम करत. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, त्यांनी त्याच संध्याकाळी स्वेटर बाहेर काढला. कोकणात स्वेटर! मी विचारलं नाही. माझा स्वभाव तसा... भित्रा नाही म्हणणार मी, चौकस आहे. आम्ही तीनदा अंदमानला जायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा मी आधी हवामान बघितलं, एवढंच.

म्हणून या खेपेला शेफाली भांडलीच नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अवधूत, तुला काय तपासायचं ते तपास. पण गाडीत खोट नसताना मोडता घातलास, तर मी आणि आई जाऊ. तू राहा इथे, गॅस बंद आहे का ते बघत." आवाज चढवून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

गाडी हिंजवडीच्या दत्तोबांची. त्यांच्या जमिनीवर आयटी पार्क झाला, मग त्याच कंपन्यांना त्यांनी गाड्या लावल्या, माणसं ने-आण करायला. त्यातल्याच एका सतरा सीटरचं त्यांच्या मुलाने, विश्वजीतने, हौसेने हे फिरतं घर करून घेतलं, मग त्याचं लग्न झालं, सूनबाई म्हणाल्या हॉटेल, आणि गाडी विकायला निघाली. दसऱ्याच्या दिवशी दत्तोबा ती आमच्या सोसायटीत घेऊन आले. नुसती दाखवायला, लक्षात घ्या, नुसती दाखवायला! मी वाकून टायर बघतोय, तोवर लिफ्टमधून सासूबाई ताम्हन घेऊन बाहेर. "अवधूतराव, साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे. कागद काय, उद्याही वाचता येतात." लगेच दत्तोबा, "बराबर बोलल्या आजी. कागुद कुटं पळून जात्यात व्हय?" हळदकुंकू लागलं, हार चढला, चाकाखाली लिंबू गेलं, नारळ फुटला, आणि मी हात पुसेपर्यंत शेफाली तिसऱ्या मजल्यावर पोचलेली, हातात खोका. अहो, एक रुपया दिलेला नाही, गाडी माझ्या नावावर नाही, तिची शेवटची तपासणी कुणी केली, कधी केली, केली की नाही, काही म्हणजे काही माहीत नाही... आणि पेढे वाटून झालेले!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, नाही पटली तर नाही घ्यायची. तुम्ही पुण्यात राहता ना? इथे पेढा खाणारा माणूस हिशेब विचारतो. पहिल्या दिवशी, "वा, कधी निघताय?" मग, "अजून इथेच?" आणि मग सेक्रेटरी लिफ्टमध्ये, माझ्याकडे न बघता, "पेढे छान होते हं. गाडी तेवढी कुठे दिसली नाही."

तर मी तपासायला लागलो. मोबाइलवर नंबर टाकला. कसं असतं, धंद्याच्या गाडीला ठरावीक काळाने सरकारी तपासणीला न्यावं लागतं, पास झाली की फिटनेसचा दाखला मिळतो. मोबाइलवर दिसलं, फिटनेस चालू आहे. दुसरा कोणी असता तर तिथे थांबला असता. पण मागचे दाखले? मागच्या तपासण्यांत काय झालं? माणसाचं स्थळ बघताना आपण फक्त आजचा ताप बघतो का? गेलो हिंजवडीला. दत्तोबांनी गिरणीला न्यायची पिशवी माझ्या मांडीवर रिकामी केली. मी सगळे कागद तारखेने लावले आणि पुन्हा एकदा मोजले. मधलं सव्वा वर्ष गायब. दाखला नाही, काही नाही. सव्वा वर्ष गाडी होती कुठे? दरीत? नदीत? पोलिसांच्या आवारात, पुढची काच फुटलेली, आणि आत... नको, नको. मी शब्द जुळवत विचारलं, "दत्तोबा, या काळात गाडीला काही... म्हणजे गाडीत कुणाला काही..."

"काय व्हायचंय? करोना हुता. तुमची आयटीवाली समदी घरी बसून काम करत हुती. गाडी हुबी गोठ्याम्होरं. कोंबड्या अंडी घालायच्या शीटवर."

जरा बरं वाटलं. पाणी प्यायलो. आणि पुढचाच कागद हातात घेतला तर त्यावर, ब्रेक असमाधानकारक, नापास.

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. सापडली की खोट! आता शेफालीला सांगतो, कोकण रद्द, मी मोकळा. मग आठवलं, पेढे वाटून झालेत. आणि मग डोळ्यांसमोर घाट आला. गाडी शेफालीच चालवणार, मला स्कूटरच्या पुढे काही येत नाही. सासूबाई मागे पलंगावर. वळण आलंय, शेफालीने ब्रेकवर पाय दिलाय, आणि तो पाय नुसताच खाली जातोय... इथे मला चेष्टा सुचत नाही.

दत्तोबा म्हणाले, "आवो सायब, नापास झाली म्हनून तर समदं ब्रेक नवं टाकलं. मग पास झाली. तुम्ही रोज ज्या स्कूटरवर बसता, तिचं ब्रेक कवा कुनी बघितल्यात का?"

तेव्हापासून मी स्कूटरवर बसत नाही.

घरी येऊन शेफालीला कागद दाखवला. मला वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "मग आत्ताची तपासणी करून घेऊ. बस." झालं! सगळे विश्रांतवाडीच्या बाजूला, तपासणीला. दत्तोबा पुढे, सासूबाई मागे, डबा घेऊन. गाडी आत गेली आणि मी बाहेर बाकावर. आता गंमत बघा माझी. नापास झाली तर सोसायटीत तोंड लपवायला जागा नाही, कारण पेढे वाटून झालेले. पास झाली तर घाट. मी गणपतीला हात जोडले आणि मागायचं काय तेच कळेना. आतून ब्रेकचा आवाज आला, किर्रर्र, की मी बाकावर आणखी थोडा मागे सरकायचो.

तपासणाऱ्या बाई बाहेर आल्या, तरुण होत्या, छातीवर नाव आम्रपाली. "पास आहे."

"ब्रेक?"

"चांगले आहेत."

"हँडब्रेक?"

"तोही."

"मॅडम, पण नीट बघा, काहीतरी असेलच ना..."

त्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला. "काका, मागचा एक दिवा मंद आहे."

मी मोठ्या आशेने शेफालीकडे वळलो. तोवर दत्तोबांनी खिशातून बल्ब काढून बदललासुद्धा.

शेफाली चढून स्टिअरिंगवर बसली. डावीकडचं दार आतून उघडलं आणि उघडंच ठेवलं. मी अजून खालीच. या दोघी जातील, मी घरी बसेन, गॅसचं बटण बघेन, पुन्हा बघेन, आणि विचारायला घरात कुणी नसेल की बंद आहे का. खरं सांगतो, त्या दरीपेक्षा ते घर मला खोल वाटलं. चढलो.

पैसे दिले, गाडी नावावर झाली, उद्या सकाळी निघतोय. तुम्हाला म्हणून सांगतो, तो नापासाचा कागद हातात होता तोवर फार बरं होतं. घाबरायला सरकारी कारण होतं, सहीशिक्क्यानिशी, कुणालाही काढून दाखवता यायचं. आता ब्रेक नवे, कागद पुरे, दिवेसुद्धा सगळे लागतात... आता मला नुसतंच घाबरत बसावं लागणार.