नालबंद कुणाकडचा

आम्ही देवणीचे नालबंद. बाप नालबंद, आजा नालबंद, त्याच्यामागचं इचारू नका ताई, समदे बैलाच्या पायापाशीच बसलेले. बैल पाडायचा, पाय बांधायचे, खुराला नाल ठोकायचा, सोडून द्यायचा. एकटा परदादा तेवढा घोड्याकडं गेला. गेला म्हंजी नेला. तवा निजामाचं राज होतं, निजामाची इंग्रजाशी दोस्ती होती, आन इंग्रजाचं तिकडं कुणाशी तरी वाजलं. ते पण सोताचं भांडण न्हाई म्हणं, दोस्ताच्या दोस्ताचं. मग इंग्रजानं निजामाला हाक मारली, निजामानं रिसाला काढला, रिसाल्यात घोडे, घोड्याला नाल पायजेत, म्हणून देवणीचा माणूस जहाजात बसला. ज्यानं कधी मांजरा नदीच्या पलीकडं पाय ठेवला न्हवता, त्यो. निघताना परदादीला म्हणला, मी काय लढाया चाललोय का, नालबंदाला कोण मारतं?

आला न्हाई. मेला अशी पण खबर आली न्हाई. परदादीनं मरेपर्यंत हातातल्या बांगड्या उतरवल्या न्हाईत. लढाई झाल्यावर निजामाला लई मोठी पदवी भेटली म्हणत्यात.

थांबा, फोन वाजला का? न्हाई. रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न हाय.

सकाळपासून असंच चाललंय बघा. चहा केला, पिला न्हाई. आमचा धाकटा, रफीक, आखातात हाय. बैल कमी झाले, ट्रॅक्टरला काय नाल लागत न्हाई, मग त्यो लातूरला एसीचं काम शिकला आन तिकडं गेला. बारका देश हाय, त्याचं कुणाशी भांडण न्हाई. पण दुसऱ्या एका मोठ्या देशाची फौज तिथं तळ टाकून बसलीय, दोस्ती हाय म्हणून. त्या मोठ्याचं तिसऱ्याशी वाजलं, तिसऱ्याच्या मागं चौथा उभा राहिला, आन आता बॉम्ब पडून राहिलेत ह्या बारक्याच्या अंगणात. टीव्हीवर कोट घातलेले लोक नकाशावर बाण काढून राहिलेत. माझं पोरगं त्या बाणाच्या टोकाखाली हाय, ते कुणाला दिसत न्हाई.

काल फोन आला त्याचा. म्हणला, अब्बा, कंपनीनं सांगितलंय, उद्या सकाळी फौजेच्या तळात जायचं, आतले एसी बंद पडलेत. मी म्हणलो, जाऊ नको. तर हसला. म्हणला, अब्बा मी एसीवाला, एसीवाल्याला कोण मारतं?

परदादाचं बोलणं त्याला कधी सांगितलं न्हवतं. आन काय सांगू तुम्हाला, हेच बोलणं मी पण बोललोय.

आमच्या गावात पाटलाची दोन घरं, वरल्या गल्लीचं आन खालल्या गल्लीचं. रफीक लहान होता तवा, पोळ्याला तोरणाखालून पैला बैल कुणाचा, ह्याच्यावरून दोघांचं फाटलं. गावाचे दोन भाग झाले. न्हावी ह्यांचा, सुतार त्यांचा. वरल्यांनी सोयऱ्यांना हाक मारली, खालल्यांनी सीमेपलीकडून, कर्नाटकातनं टेम्पो भरून पाव्हणे आणले. त्या बिचाऱ्यांनी आमचं तोरण कधी बघितलेलं न्हवतं. खांदमळणीच्या दिवशी, म्हंजी पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी सकाळी वरल्यांच्या बैलाला नाल मारले आन हातोडा घेऊन खालल्या गल्लीत निघालो. आमच्यात रीतच हाय, पोळ्याला नालबंद कुणाच्या बैलाला न्हाई म्हणत न्हाई, बैल दुश्मनाचा का असंना. बायको म्हणली, आज जाऊ नका. मी म्हणलो, नालबंदाला कोण मारतं?

गल्लीच्या तोंडाशीच एका पाव्हण्यानं धरलं. कन्नडमधी वरडून राहिला, यार कडे, यार कडे, म्हंजी तू कुणाकडचा. मी म्हणलो बाबा मी बैलाकडचा. त्याला काय समजलं न्हाई. काठी मारली ती उजव्या मनगटावर, हाड मोडलं ते वाकडंच बसलं. त्याचा माझा दावा काय? ना नाव माहीत, ना गाव.

आन पुढल्या उन्हाळ्यात ताई, वरल्यांची लेक खालल्यांच्या घरात दिली. दोन्ही पाटील एका पंगतीत बसून बुंदी खाल्ले. मला पण बोलवणं होतं. मी डाव्या हातानं खाल्लो. राग आला का? लई आला. आजबी येतो. ते कवा बी सोयरे होत्यात, माझा हात कुठं सरळ होतोय.

तर काल रफीक तसं बोलला तवा, फोनमधी तोंड दिसतं ना, त्याच्यासमोर हा वाकडा हात धरला. लहानपणापासून बघतोय त्यो हात, पण काल बघतच राहिला. मग म्हणला, बघतो अब्बा. आन फोन कटला. आता तिकडं सकाळ होऊन गेली असंल. त्याची अम्मी दर्ग्यावर जाऊन बसलीय. म्हणती, परदादीसारखी वाट बघायचं माझ्यानं होणार न्हाई.

थांबा. वाजला. ह्या येळी वाजलाच. मेसेज हाय का? वाचा जरा, मला चष्म्याशिवाय दिसत न्हाई.

काय? आत गेला न्हाई? खोलीवरच हाय? या अल्ला. या अल्ला. बसू द्या मला जरा. आवो ती दर्ग्यावर हाय, कुणीतरी सांगा जाऊन तिला. रडत न्हाई मी, असंच.

खाली अजून काय लिवलंय? वाचा ना.

त्याच्या जागी खोलीतला दुसरा पोरगा गेला. बिहारचा. दुआ करा, म्हणतोय.

करतो. आत्ताच करतो. त्या पोराचं नाव लिवलंय का? न्हाई? बिननावाची पण पोचत असंल. त्याचा बाप पण असाच कुठंतरी फोनकडं बघत बसला असंल ताई, आन पोराला दाखवायला त्याच्यापाशी हा असला हात पण नसंल.